पाकीट पुरं करा वं बायांनो!

घरी पाहुणं आलं की चहा होईस्तोवर कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, दवाखान्यातला एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? अहो, वाडीच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या टेबलावर माझी अर्धी नोकरी गेली. मागे भिंतीवर लाल त्रिकोण, पुढे गोळ्यांची पाकिटं आणि माझ्या तोंडी एकच वाक्य, "रोज एक घ्यायची, मधे सोडायची नाही." सांगून सांगून घसा बसला. ऐकलं असतं तर किस्से कुठून साचले असते!

एक ट्रकवाल्याची बायको होती. नवरा माल घेऊन कलकत्त्याला निघाला की हिची गोळी बंद, परतला की सुरू. मधेच सोडली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, मधेच धरली की डाग पडत राहतात, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! शेवटी एक दिवस नवराच तावातावानं आला.

"सिस्टर, कशी गोळी हाय हे तुमची? मी घरी आलो का हे बाहेर बसून राहते!"

"मग रोज घ्यायला सांगा ना तिला!"

"मी नसतो तवा कायले? गाडी उभी असली त डिझेल कोन जाळते?"

डॉक्टरबाई पडद्यामागे तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. त्यांना काय, टेबल माझं होतं!

मग आल्या एक शाळामास्तरीण. शिकलेल्या, म्हणून मी निश्चिंत. तर थोड्याच महिन्यांत दिवस गेले म्हणून रडत हजर. "एकही गोळी चुकवली नाही हो सिस्टर!" पाकीट बघितलं, तर मधे मधे गोळ्या तशाच.

"या काय आहेत मग?"

"त्या ना? त्या सोमवारच्या, चतुर्थीच्या. उपासाला चालते असं कुठं लिहिलंय?"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "लिहा हो सिस्टर, साबुदाण्यासोबत चालते!"

काटोलच्या एका घरचा किस्सा तर मी अजून विसरले नाही. महालक्ष्म्यांच्या सणात पाळी नको म्हणून चार सुनांनी एकीच्याच पाकिटातल्या गोळ्या वाटून घेतल्या. प्रसादासारख्या! सण छान झाला. गोळ्या चौघींनी एकदमच सोडल्या. मग व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी सासूबाई बस पकडून थेट माझ्या टेबलापुढे.

"काय दवाखाना हाय का काय हा? चारही सुना एकदम बाहेर! पाहुणे अजून घरातच हायेत. रांधू रांधू माही कंबर मोडली!"

जसं काही मीच वाटल्या होत्या गोळ्या!

आणि कौसल्या. दोन लेकरं लागोपाठची, अंगात रक्त इतकं कमी की नखं पांढरी. डॉक्टरबाईंनी स्वच्छ बजावलं होतं, "आता दिवस गेले तर बाळंतपणात वाचणार नाहीस." म्हणून तिला मी जातीनं गोळ्या देत होते. तरी तिला महिन्यातून दोनदा पाळी! सासू घेऊन आली.

"हिले काहीतरी द्या बाई. घडीघडी बाहेर बसते. घरात इतकी तोंडं, कामं कोन करीन?"

सासूला बाहेर बाकावर बसवलं आणि पाकीट मागितलं. अर्धं शिल्लक.

"कौसल्या, मधेच काहून सोडतेस?"

ती हळूच म्हणाली, "मुद्दाम सोडतो बाई. सोडली का पाळी येते, तुमीच सांगतलं होतं. मंग चार दिवस चूल नाही, पानी नाही. कोपऱ्यात पडून राहतो. तेवढीच पाठ टेकते."

माझा असा संताप झाला! "अगं, आधीच अंगात रक्त नाही, त्यात हे असं घालवतेस? आणि दिवस राहिले तर? मरशील!"

"तशीबी मरूनच राहिली ना मी, काम करू करू."

तरातरा बाहेर गेले. सासूला म्हटलं, हिला आराम द्या. "आमाले कोनी देल्ला होता?" म्हणून ती पान लावत बसली. कपाळ माझं! आत आले, दार लावलं आणि कौसल्येसमोर खुर्ची ओढून बसले.

"हे बघ. गोळी रोज घ्यायची, एकही सोडायची नाही. पाठ टेकावीशी वाटली की घरात नुसतं सांगायचं, बाहेरची आहे म्हणून. बघायला कोण येतंय?"

कौसल्या ताडकन उठली. पदर सावरला.

"सिस्टर! घरात देव हाय, अन् मी खोटं सांगू? तसली बाई समजून राहिल्या का तुमी मले?"