पाठीवरची खळी

ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड व्हायच्या, पण लग्नानंतर सात वर्षांनी लेक झाली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. बाळाला पुसताना नर्सचा हात कमरेपाशी थांबला. तिथे खोल खळी होती आणि तिच्यातून काळ्या केसांचा झुबका डोकावत होता.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "ढुंगणाच्या फटीपाशी उथळ, तळ दिसणारी खळी पुष्कळ बाळांना असते. तिची काळजी नसते. ही बरीच वर आहे, त्यात केसही आहेत, म्हणजे आत मणक्यात दोष असू शकतो. मणक्याची सोनोग्राफी करायची, तीन महिन्यांच्या आत. नंतर हाडं घट्ट होतात, मग सोनोग्राफीत नीट दिसत नाही. तोवर जागा स्वच्छ ठेवा, आत बोट घालू नका."

घरी सासूच्या तोंडाचा पट्टा सुटला. "भोक पडलेली पोर आणलीस! हा तुझ्या माहेरचा वारसा." जावेने आपल्या मुलाची चड्डी खाली ओढून त्याची खळी दाखवली. "हा बघ, घोड्यासारखा पळतो."

"त्याची खाली आहे, वहिनी. हिची..."

"तू झालीस का डॉक्टर?" नवरा म्हणाला. जावेने तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

तपासणीच्या दिवशी सासू पहाटेच बाळाला घेऊन नणंदेकडे गेली. संध्याकाळी परतली तेव्हा झुबका कापलेला. "आता काय दाखवशील?" आई रडली, भांडली. हळूहळू तिने तो विषय काढणंच सोडलं. काढला की दोन दिवस तिच्या ताटात कुणी वाढायचं नाही.

लेक उशिरा चालली, तीही डावा पाय ओढत. तो पाय बारीक राहिला. चौथ्या वर्षीही चड्डी ओलीच. सासू तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायची. "आळशी! मुद्दाम करतेस." पोर ओल्या चड्डीत थरथरत उभी राहायची आणि कुणीही बोलायचं नाही, आईसुद्धा.

एका सकाळी लेकीच्या तळपायात काच रुतलेली दिसली. रक्त वाहत होतं आणि पोर खेळत होती. आईने तिला कडेवर घेतलं ते थेट दवाखान्यात. एमआरआयमध्ये दिसलं, मणक्यातली मज्जारज्जू खाली चिकटून ताणली गेली होती. बारीक पाय, ओली चड्डी, न जाणवलेली काच, सगळं त्यातूनच. शस्त्रक्रिया झाली.

"यापुढे बिघडू नये म्हणून केलं," सर्जन म्हणाले. "गेलेलं बहुधा परत येणार नाही. लवकर आणलं असतं तर..."

नवरा तिच्याकडे वळला. "आई होतीस ना तू? तुला कळायला नको?"

जावेने मान डोलावली. "मी तर तेव्हाच म्हणत होते, दाखव."

 आई लेकीच्या पायाला आधाराचा पट्टा बसवायला शिकली, नळीने लघवी काढायला शिकली. सासू आजही आल्यागेल्याला सांगते, "आईनेच हयगय केली हो." आणि लेक आता ते समजण्याइतकी मोठी झाली आहे.