आईचे धवले

आमची आई शिरवण्याची धवलारीण होती. गावात लग्न निघालं की मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. मिश्री लावून लावून तिच्या गालात कॅन्सर निघाला. मुंबईच्या इस्पितळात किरणांचे शेक दिले आणि ती वाचली, पण तोंडातली लाळ आटली. मग दात काळे पडले आणि एकेक करून हिरडीजवळ तुटायला लागले. वाशीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "शेक घेतलेल्या जबड्यातले दात उपटले तर हाडाची जखम भरेलच असं नाही. टोचणारी टोकं तेवढी घासून देतो."

त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. काकी म्हणाली, "दुसरी धवलारीन आनू. तुला धड बोलता येत नाय, गाशील कशी?"

"माज्या पोरीचं लगीन हाय," आई म्हणाली. "धवले मीच गानार."

हळदीला मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी बसले. ती एक ओळ म्हणायची आणि घोटभर पाणी प्यायची. दातांवाचून शब्द निसटत होते, पण सूर जागचा हलला नाही. बायका तिच्यामागून म्हणत होत्या. मुलाकडच्या पाहुण्यांना मी कुणी न विचारताच सांगत होते, "ती माझी आई."

पुढच्या लग्नसराईत बोनकोड्याहून बोलावणं आलं. आईने नवं लुगडं काढलं आणि मला म्हणाली, "चल, आवर लवकर."