वेलांटीचा राजीनामा

माझ्या धाकट्या भावाला छापखान्यात सगळे 'वेलांटी' म्हणतात. एकवीस वर्षं तो प्रुफं तपासतोय. चुकीच्या शब्दाला लाल गोल, बरोबर शब्दाला काही नाही. बरोबर शब्दावर खूण करायची पद्धतच नाही त्या धंद्यात. छान धंदा, उदास माणसासाठी मुद्दाम काढल्यासारखा.

गेले दोन महिने स्वारी अंथरुणात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नैराश्य आहे, जोडीला धास्ती. अशा मनात वाईट तेवढं घट्ट बसतं, चांगलं टिकत नाही. मी म्हटलं, बाई, ह्याच्या मनात तर ते ठाण मांडून बसलंय. साल, पान, ओळ सांगतो. विशेषांकावर 'शिक्षक दिन'ऐवजी 'शिक्षक दीन' छापलं गेलं तो वार कोणता, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. शिक्षकांनीच 'बरोबर छापलंत' असं कळवलं होतं, ते मात्र ह्या साहेबांच्या गावीही नाही.

काल त्याने माझ्या हातात राजीनामा ठेवला, मालकांना नेऊन दे म्हणाला. मालक बिचारे दर दोन दिवसांनी फोन करून कधी येतोय विचारतात. राजीनाम्यासोबत एकतीस चुकांची यादी. शुद्धलेखन अर्थातच निर्दोष. ही नोकरी गेली तर हा अंथरुणातून उठायचाच नाही, ही भीती मला होतीच. तरी यादी वाचायला घेतली.

पहिलीच चूक, तो नोकरीला लागला त्या वर्षीची. लग्नपत्रिकेवर 'शुभविवाह'ऐवजी 'शुभविवाद'. पुढे शेरा: 'वधूची मान खाली गेली.'

अहो, ती वधू मी होते! माझी मान चांगली ताठ होती.

"अरे, सगळा हॉल हसत होता," मी म्हटलं. "तुझे भावजी तर म्हणाले, पत्रिकेत कबूल केलंय, आता मागे हटायचं नाही. आणि सगळ्यात जास्त तू हसलास. हसता हसता खुर्चीवरून खाली आलास."

त्याने उशीवरून डोकं उचललं.

"मी हसलो होतो?"

"हो."

"बाबांचा उतरलेला चेहरा आठवतो. हसल्याचं नाही आठवत गं, ताई."

एरवी माझ्या जिभेवर टोमणा तयारच असतो. आत्ता रडू आलं.

त्याने कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं.

"यादीच अपुरी आहे मग, राजीनामा नेऊ नकोस," तो म्हणाला. "आणि हसण्याचं तू लक्षात ठेव. माझ्याच्यानं नाही राहत."