गिअरबॉक्समधला भुसा

तळोद्यात फियाट चालवणारी बाई एकच, छोटीबाई. नवरा दीपचंदशेठ यांची नजर चाळिशीतच मंदावली आणि दुकानाच्या कामासाठी नंदुरबारला, नवापूरला गाडी न्यायला कुणीतरी हवं होतं. डोक्यावरचा पदर घट्ट खोचून त्या स्टिअरिंगवर बसल्या, त्या बसल्याच. पुढे शेठ गेले, किराण्याचं दुकान तरुण नावाचा मुलगा बघू लागला, तरी गाडी छोटीबाईंचीच राहिली.

त्यांचं नाक फार तिखट. दूध नासायच्या आधीच त्यांना कळायचं. गाडीच्या बाबतीतही तेच. एकदा नंदुरबारच्या एका दुकानदाराने मागच्या अ‍ॅक्सलला लागणारं तेल 'सगळ्यात भारी' म्हणून गिअरबॉक्ससाठी दिलं. त्यात गंधक जास्त. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात, त्या या तेलाने झिजल्या, आणि वर्षाच्या आत दुसरा गिअर टाकताना गाडी करकर दात खायला लागली. तेव्हापासून सुकलाल मिस्त्रीने तेलाचा डबा उघडला की आधी छोटीबाई बोट बुडवून वास घ्यायच्या. उग्र दर्प आला की डबा परत. जुन्या गिअरपेटीला नव्वद नंबरचं सौम्य तेलच, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला. क्लच दाबला की कळ थेट कमरेपर्यंत जायची. गाडी विकायची ठरली आणि तरुणनेच गिऱ्हाईक आणलं. धडगावच्या शाळेतले इंद्रसिंग पावरा गुरुजी. लहानपणी बाजाराला आले की ही पांढरी गाडी ते टक लावून बघायचे. आता त्यांच्या बायकोला पाठीच्या दुखण्यासाठी दर महिन्याला डोंगरावरून खाली दवाखान्यात आणावं लागे, आणि भरलेल्या जीपमधून तिचे हाल होत. "गाडी जरा तयार करून देतो," म्हणून तरुणने ती दोन-चार दिवस बाहेर नेली. परत आली तेव्हा गिअरचा आवाज बंद. छोटीबाईंना बरं वाटलं. पोराने आपण न सांगता तेल बदललं असणार.

गुरुजी गाडी न्यायला आले त्या सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, या गाडीला तेल कोणतं घालायचं? छोटीबाईंना हा माणूस आवडला. सांगण्यापेक्षा दाखवते म्हणाल्या आणि त्यांना घेऊन सुकलालच्या गॅरेजात गेल्या.

सुकलालने खाली घमेलं ठेवून पेटीचा नट सोडला. काही पडेना. त्याने आत तार घातली. मग एक तपकिरी गोळा सुटला आणि घमेल्यात थपकन बसला. मागून दुसरा. पिठाच्या शिळ्या घाट्यासारखं काहीतरी चिकट, गुठळ्यागुठळ्यांचं, लोंबत लोंबत येऊ लागलं. जळकट वास सुटला. छोटीबाईंनी पदर नाकाला लावला, तरीही खाली वाकून चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं. बोटांना लाकडाचे कण लागले.

"भाभी, हाई तेल नही शे," सुकलाल म्हणाला. "भुसा शे. ग्रीसमा कालवेल."

त्याने गुरुजींना समजावून सांगितलं. ग्रीसमध्ये कालवलेला भुसा गिअरच्या दातांमध्ये गादीसारखा बसतो, महिनाभर आवाज येत नाही. मग तो जळतो, सरकतो, आणि गिअर कधी अडकतो तर कधी आपोआप सुटतो.

गुरुजी घमेल्यापाशी वाकले. "आम्हाला चांदसैलीचा घाट उतरूनच यावं लागतं, काकू," एवढंच म्हणाले.

छोटीबाई गॅरेजच्या मागे गेल्या आणि ओकल्या. मग साबण मागून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले.

तिथून त्या दुकानात गेल्या. तरुण साखर जोखत होता. त्याने आईला आत बोलावलं, गिऱ्हाइकांसमोर नको म्हणाला. त्याने काही नाकारलं नाही. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने युक्ती सांगितली होती, सगळेच करतात, त्या आवाजाने गाडी कुणी घेतलीच नसती. मग जरासा चिडून म्हणाला, "घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, मां."

"त्याने बघितलं," छोटीबाई म्हणाल्या. "मी शेजारी उभी होते."

तरुण म्हणाला, कुणाला काही झालं तर नाही ना. हे तो अगदी सहज म्हणाला. त्याच्या गोऱ्या चेहऱ्याकडे, नीट विंचरलेल्या केसांकडे छोटीबाईंना बघवेना. त्या चालत घरी गेल्या.

सुकलालने पेटी खोलून रॉकेलने धुतली. कानाकोपऱ्यातून भुसा निघतच होता. त्यात योग्य ते तेल घातलं, पण करकर आधीपेक्षा वाढली होती. पितळी कड्यांमध्ये काही उरलं नव्हतं. छोटीबाईंनी गुरुजींना बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि गुडघे दुखत असताना गाडी हातोडा गावाच्या रस्त्याने तापीच्या पुलापर्यंत नेली, सगळा आवाज ऐकवत. गुरुजींनी हात जोडले. गाडी नको म्हणाले, पण रागावलेले नव्हते. ते जीपनेच परत गेले. फियाट सुकलालने सुट्या भागांसाठी घेतली.

त्यानंतर एका दुपारी छोटीबाई दुकानात गेल्या. नोकराला बाजूला करून त्यांनी धने पावडरीच्या पोत्यात हात घातला, चिमूट चोळली, वास घेतला. मग हळद, मग मिरची. काही सापडलं नाही. माल चोख होता. तरी त्या रात्री दुकानातलीच धने पावडर घातलेल्या आमटीची वाटी त्यांनी बाजूला सारली.

आता त्या अख्खे धने आणून स्वतः कुटतात. सून एकताने एकदा विचारलं, दुकान घरचं असताना हा व्याप कशाला? त्या कुटत राहिल्या. तरुण जेवायला बसला की त्याला गरम पोळी वाढतात, वरून तूप सोडतात. त्याने आग्रहाने त्यांच्या ताटात काही ठेवलं, तर मात्र ते तसंच राहतं.