दुसऱ्या पानावरची सही

खानोलकर आमच्या घरी आले की नमस्कार, चहा, हवापाणी हे सर्व नंतर. बूट दाराशी काढून ते थेट तळघरात उतरत आणि घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमधून वर जाणाऱ्या पाइपवर उजवा तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहत. मग वर येऊन माझ्या पत्नीला सांगत, "वहिनी, ताप उत्तम आहे." मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये त्यांची उमेदीची वर्षे सरली होती. "आधी हात, मग मीटर," एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. मीटर खोटे बोलतो, हात भाजतो, असे ते म्हणत.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमची घरे समोरासमोर होती. त्यांची पत्नी वारल्यावर ते एकटेच राहत. फ्रीमाँटला राहणारी त्यांची मुलगी दर रविवारी फोनवर त्यांना तिकडे बोलावी आणि ते दर रविवारी नकार देत. जिथे थंडीच नाही तिथे आपण करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. मला ते 'वकीलसाहेब' म्हणत. वस्तुतः मी विद्यापीठाच्या करार विभागात नोकरी केलेला माणूस. पण वीज कंपनीला आणि आमच्या वसाहतीच्या घरमालक संस्थेला मी लिहिलेली कलमवार पत्रे त्यांनी वाचली होती.

हिवाळ्यात वीज गेली की आमची घरे गार पडत. बॉयलर गॅसवर चालतो, मग विजेचा संबंध काय, असे मी एकदा त्रागा करून विचारले. "ज्वाला गॅसची, हुकूम विजेचा," ते म्हणाले. "गरम पाणी घरभर फिरवणारा पंप विजेवर चालतो. खातो किती? दोन जुन्या दिव्यांएवढं. एक बॅटरी पुरे." बॉयलरला थेट जोडलेली तार सोडवून तिथे प्लग बसवायचा आणि वीज गेली की तो बॅटरीत खोचायचा, अशी त्यांची योजना होती. माझ्या पत्नीची फुप्फुसे अधू असल्याने मी तत्काळ होकार दिला. दोघांनी एकसारख्या बॅटऱ्या मागवल्या.

वायरिंगमधील बदलाला संस्थेची लेखी मंजुरी लागत असे. दोन्ही अर्ज मी तयार केले. मंजुरी येईपर्यंत तारेला हात लावणार नाही, असा शब्द मी खानोलकरांकडून घेतला. आपली बाजू स्वच्छ हवी, हा माझा आग्रह. ते हसले. "वकीलसाहेब, थंडीला अर्ज करता येत नाही." पण शब्द दिला, आणि दिलेला शब्द त्यांच्या लेखी जहाजावरच्या हुकुमासारखा होता.

माझा अर्ज मंजूर झाला. त्यांचा परत आला. दुसऱ्या पानावर अर्जदाराची सही नव्हती. पहिल्या पानावर होती. दोन्ही पानांवर सही हवी असे नियमावलीत कुठेही नाही, हे माझ्या ध्यानात आले आणि माझे रक्त तापले. मी चार पानी हरकत पाठवली. संस्थेने उत्तर दिले, मी प्रत्युत्तर दिले. यात दोन महिने गेले. या काळात खानोलकर आमच्या तळघरात प्लग बसवून गेले, पाइप तपासायला तर रोजच येत. ते पान त्यांच्यापुढे सरकवून सही घ्यावी, असे मला एकदाही वाटले नाही. माझे म्हणणे बरोबर होते.

मग बर्फाळ पाऊस झाला, तारा तुटल्या. पहिला दिवस आमची बॅटरी पुरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती संपत आली तेव्हा खानोलकर स्वतःची बॅटरी लहान मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर ठेवून, रस्ता ओलांडून ओढत आले. "माझ्याकडे नुसती बसलीये. इथे प्लग आहे, तिथे नाही." पाइप गरम झाल्याची हाताने खात्री करून ते निघाले. आम्ही दोघांनी राहायचा आग्रह केला. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून घरचे नळ ठिबकत ठेवायला हवेत, असे त्यांनी सांगितले. "जहाज सोडायचं नसतं, वहिनी."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. माझ्याकडे किल्ली होती. स्वयंपाकघरात खुर्चीवर ते कोट-टोपीत बसले होते, श्वास मंद. सिंकचा नळ ठिबकत होता. इस्पितळात मी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा त्यांनी डोळे उघडून एवढेच विचारले, "वहिनींचा पाइप?" गरम आहे, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलगी पोहोचली होती. त्यांच्या तळघरातील हत्यारे तिने मला दाखवली. शेजारी नवी तार कापून, टोके सोलून, प्लग तयार करून ठेवला होता; बॉयलरच्या तारेला मात्र हात लावलेला नव्हता. दहा मिनिटांचे काम उरले होते.

त्यानंतर काही दिवसांनी संस्थेचे पत्र आले. माझी हरकत ग्राह्य धरून, दुसऱ्या पानावरील सहीची अट वगळून, खानोलकरांचा अर्ज मंजूर केला होता. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात मी पूर्णपणे जिंकलो असा हा एकच प्रसंग. या पत्राला मी उत्तर दिले नाही.

ते पान माझ्या खणात आहे. सहीची रेघ कोरी आहे. आता सकाळी तळघरात मी उतरतो, पाइपवर तळहात ठेवतो. पाइप गरम असतो. वर येऊन मी ते पत्नीला सांगत नाही. तीही विचारत नाही.