उंच खिडक्यांची शाळा

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाहून क्लायंटकडे ड्राइव्ह करताना वाटेत एक बंद पडलेली शाळा लागायची. व्हिक्टोरियन काळातली, लाल विटांची, वर घंटा नसलेला मनोरा. ती पाडणार असल्याची पाटी दिसली, म्हणून एका दुपारी मी गाडी थांबवून आत गेले. वर्गात ऐंशीच्या घरातले एक आजोबा घडीची शिडी उघडत होते. त्यांनी ना नाव सांगितलं, ना माझं विचारलं. "जरा धरता का?" एवढंच म्हणाले.

खिडक्या देखण्या होत्या, पण माझ्या डोक्याच्याही वर सुरू होत होत्या.

"मुद्दाम तशा बांधायचे," ते म्हणाले. "उजेड आत यावा, पण पोरांची नजर बाहेर जाऊ नये. मी इथेच शिकलो."

प्रत्येक पायरीवर दम खात ते चढले. रुमालाने आधी काच पुसली, मग चष्मा. बराच वेळ बाहेर बघत राहिले. शिडी धरून माझे हात भरून आले.

"आमचं घर दिसतंय," शेवटी ते म्हणाले. "रस्त्याने मोठा वळसा पडायचा, म्हणून फार लांब वाटायचं. पहिलं वर्षभर मी इथे आईसाठी रडलो. आणि ती समोरच त्या अंगणात कपडे वाळत घालत असणार."

गाडीत बसल्यावर मी सवयीने फोन उघडला. डेकेअरच्या कॅमेऱ्यात माझी लेक दाराकडे तोंड करून बसली होती. मला ती दिवसभर दिसते. तिला मी दिसत नाही.