बादल्यांची स्कॉलरशिप

सुकन्याला इंग्लंडची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मी तिला घट्ट मिठी मारली आणि मनातल्या मनात म्हटलं, मर मेले! सरळच सांगते, जळते मी तिच्यावर.

सुकन्या म्हणजे दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या सुभेदार संपतरावांची लेक. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण वाढली सगळी लष्कराच्या क्वार्टरांत. करोल बागेतल्या एकाच अभ्यासिकेत आम्ही शेजारी बसायचो. मी आटपाडीकडची, यूपीएससीसाठी आलेली. पाणवठा म्हणजे काय हे तिला मी सांगितलं. "म्हणजे वॉटर टँक ना, यार?" असं विचारणारी ही बया पाण्याच्या नियोजनात एम.ए. करायला निघाली!

माझे यूपीएससीचे चार अटेम्प्ट वाया गेले होते. आबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "पुरे झालं राधा, आता गावी ये, स्थळं बघू." ही स्कॉलरशिप मिळाली असती तरच माझी सुटका होती.

शोधली तिनंच, नाही कशाला म्हणू? मी एजंटांच्या ऑफिसांत चपला झिजवत होते. ती निवांत बसून एकेका विद्यापीठाच्या साइटवर विभागाविभागाची पानं उघडून बघायची. आधी मिळालेल्या मुलांना मेल करायची. बऱ्याच जणांनी ढुंकूनही पाहिलं नाही, पण एकीनं फोन करून सगळं नीट समजावलं. ते सगळं सुकन्यानं मला आयतं आणून दिलं. "चलो, दोघी मिळून अर्ज करू." एवढं चांगलं असावं का माणसानं? माझ्या तर डोक्यातच जायचं.

शिफारसपत्र लागतं म्हटल्यावर मी मामांना कामाला लावलं. त्यांनी थेट आमदारसाहेबांच्या लेटरहेडवर 'सदर विद्यार्थिनी होतकरू असून' असं पत्र आणलं. सुकन्यानं ज्या मॅडमच्या हाताखाली प्रोजेक्ट केलं होतं त्यांनाच गाठलं होतं, तेही दोन महिने आधी. माझं पत्र बघून ती पोट धरून हसली.

"अगं, आमदार ओळखतो तरी का तुला?"

"ओळखायचं काय त्यात? आमदार आहे तो!"

मग निबंध. हा विषय तुम्हाला का शिकायचाय? मी चार वर्षं उत्तरलेखनाचा सराव केलेली बाई. प्रस्तावना, समित्यांच्या शिफारशी, राज्यघटनेतलं कलम, शेवटी उपाययोजनांचे सात मुद्दे. 'मी' हा शब्द औषधालाही नाही. उत्तरात स्वतःला आणायचं नाही, असं क्लासच्या सरांनी घोटून घेतलं होतं.

सुकन्यानं वाचलं. "मस्त आहे गं, पण यात तू कुठे आहेस? ते टँकरवालं लिही ना."

टँकरवालं म्हणजे, आमच्या गावचा टँकर सरपंचाच्या दारातच रिकामा व्हायचा. दहावीत असताना मी एकदा टँकरच्या पुढ्यात रस्त्यावर बसले. मग आळीतल्या बायका येऊन बसल्या. तेव्हापासून प्रत्येक आळीची पाळी ठरली, ती अजून चालू आहे.

"डोंबल! हे काय लिहायचं? मार्क जातील," मी म्हटलं.

आणि तिनं काय लिहिलं होतं? तिची आई, द्वारकाकाकू. दर बदलीनंतर नव्या क्वार्टरमध्ये शिरल्या की ट्रंका उघडायच्या आधी घरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवतात. नळाला चोवीस तास पाणी असलं तरी. का भरतात, हे सुकन्यानं एकदा आईला विचारलं. बस, एवढंच. मी तोंड दाबून हसले होते. बादल्यांवर कोणी स्कॉलरशिप देतं का?

दिली. तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं आणि दिली. मला दोन ओळींची दिलगिरीची मेल आली.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जेवण होतं. गेले मी, तोंडभर हसू घेऊन. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मटण झकास झालं होतं. हात धुवायला आत गेले तर काकू नळाखाली बादली लावून उभ्या.

"राधा, तुझे आभार मानायचे राहिलेच बघ."

"माझे कशाला, काकू?"

"मुलाखतीत हिला विचारलं, पाण्यासाठी कुणाला भांडताना पाहिलंयस का? तर ही म्हणाली, मी नाही पाहिलं, पण माझी मैत्रीण टँकरपुढे बसली होती. तिनंही अर्ज केलाय, तिचा जरूर वाचा."

वाचला असेल त्यांनी. माझं नाव शोधून, टँकर कुठे दिसतो का बघत, ते सात मुद्दे वाचले असतील. आता त्या पोरीवर धड चिडायचीही सोय राहिली नाही, म्हणून मी आणखीच चिडले.

काकूंनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग तुला गं का नाही बोलावलं? टँकरचं लिहिलं नव्हतंस का?"

चार वर्षं मी उत्तरंच लिहीत होते.

"काकू, बादली वाहतेय," मी म्हटलं आणि नळ बंद केला.